आत्यास, परत टपाल विभाग

परतबाईंचा दिवस एका कार्डाने सुरू व्हायचा. सकाळी सातला त्या खिडकीशी बसायच्या. पाण्याचा पेला डाव्या हाताला, गोळ्यांची पट्टी उजव्या हाताला आणि मधे एक कोरं पोस्टकार्ड. आधी गोळी, मग कार्ड. गोळी शर्टाच्या बटणाहूनही लहान होती. ती जिभेवर ठेवून त्या पाण्याचा मोठा घोट घ्यायच्या, मान मागे टाकायच्या, आणि नक्की गेली की नाही म्हणून उगाच एक आवंढा गिळायच्या. मग कार्डावर एकच ओळ लिहायच्या. तब्येतीविषयी कधी काही नाही. खिडकीतून जे दिसेल ते. ‘समोरच्या गॅलरीतल्या चादरीचा एक चिमटा निसटला आहे, पण चादर पडलेली नाही.’ ‘जिन्यावर कुणीतरी छत्री विसरलं आहे. सगळे तिला वळसा घालून जातात.’ खाली सही नाही. जागा उरत नाही, असं त्या सांगायच्या. खरं तर अर्धंअधिक कार्ड कोरंच असायचं.

हे कार्ड त्या रस्त्यावरच्या पेटीत टाकत नसत. पोस्टाच्या खिडकीवर जायच्या, कार्ड हातात द्यायच्या आणि शिक्का पडेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

अकरा वर्षं हा नेम चालला. त्याची सुरुवात एका पत्रापासून झाली. ते पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने परत पाठवलं होतं.

परतबाई हे नाव कचेरीने ठेवलेलं. मोठ्या टपाल कचेरीच्या मागच्या अंगाला, गोण्या उतरवायच्या फलाटापलीकडे, एक लांबट खोली होती. दारावर पाटी, ‘परत टपाल विभाग’. ज्या पत्रांना घर सापडलं नाही ती सगळी इथे यायची. चार टेबलं, चार शिक्के. घर बंद. घेण्यास नकार. माणूस सापडत नाही. पत्ता अपुरा. बाईंचं टेबल शेवटचं, म्हणजे पत्ता अपुरा. तेवीस वर्षं त्यांनी ते सोडलं नव्हतं. बढती आली तेव्हाही त्यांनी ती टाळली, कारण बढतीच्या टेबलावर पत्रं नव्हती, नुसत्या फायली होत्या.

‘पत्ता अपुरा’ म्हणजे शिक्का मारायचा आणि सुटायचं, असं त्यांनी कधी केलं नाही. ‘सुताराच्या दुकानावर राहणारे काका’ एवढंच लिहिलेलं पाकीट त्या उजेडाकडे धरायच्या. अक्षर कुठल्या वयाचं, लिहिणाऱ्याला घाई होती की नाही, मागच्या पोस्टाने कुठल्या भागाची खूण केली आहे, सगळं बघायच्या. मग म्हणायच्या, “नदीपलीकडचा सुतार. त्याच्या माडीवर भाडेकरू आहे.” दहातली तीन-चार पत्रं त्या अशी मार्गी लावायच्या. उरलेल्यांवर जांभळा शिक्का पडायचा. पाकीट उलटं करून पाठवणाऱ्याच्या पत्त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल, कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरं, आणि पाकीट शेजारच्या टेबलावर. तिथे बसणारा गृहस्थ त्यावर परतीची चिठ्ठी चिकटवायचा. त्याला सगळे डिंक्या म्हणत. एक तर त्याचं काम डिंकाचं, आणि दुसरं म्हणजे तो बोलायला बसला की सुटायचा नाही.

“बाई,” तो एकदा म्हणाला, “राग मानू नका, पण तुम्ही लग्न का नाही केलंत?”

“स्थळं आली होती,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “पत्ता अपुरा होता.”

हा विनोद कचेरीत वर्षभर पुरला.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई होती तोवर त्या दोघी तिथे राहिल्या. आई गेल्यावर तिची खाट बाईंनी भिंतीला उभी करून ठेवली आणि त्या बाजूला बघणं सोडून दिलं. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. त्याला बायको, एक मुलगी. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. सोमवार ते शनिवार फोन मुका असायचा. बाई त्याच्यावरची धूळ मात्र रोज पुसायच्या.

आई गेल्यावर दोन वर्षांनी ते दुखणं आलं. दुःख झालं असं नाही. रडू आलं असतं तर बाईंना एक प्रकारे बरंच वाटलं असतं. फक्त गोष्टी पोचेनाशा झाल्या. डिंक्या विनोद करायचा. तो विनोद आहे हे बाईंना समजायचं, कुठे हसायचं तेही समजायचं आणि त्या हसायच्या. पण तोपर्यंत डिंक्या पुढच्या पाकिटावर गेलेला असायचा. दूध डोळ्यांदेखत उतू जायचं. बघत तर त्या होत्याच, बघितलेलं हातापर्यंत येत नव्हतं. झोप पहाटे चारला तुटायची, आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. एका संध्याकाळी त्या कामावरून आल्या आणि स्वतःच्या दाराची कडी वाजवत उभ्या राहिल्या. कुलूप त्यांनीच लावलेलं, किल्ली पर्समध्ये. चार-पाच वेळा कडी वाजवल्यावर त्यांना वाटलं, घर बंद. शिक्का डोळ्यांपुढे आला. तेव्हा त्या घाबरल्या.

चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई बसत. बाई दुपारची रजा टाकून एकट्याच गेल्या.

“काम काय करता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“परत पाठवते.”

“काय?”

“पत्रं.”

डॉक्टरीणबाईंनी आणखी पुष्कळ विचारलं. झोप, भूक, आई, मरावंसं वाटतं का. शेवटी औषधाच्या कागदाची पाठ पुढे ओढून त्यावर दोन गोल काढले. दोघांच्या मधे बारीक अंतर ठेवलं.

“या मेंदूतल्या दोन पेशी. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे फट असते. निरोप द्यायचा झाला की ही पेशी फटीत एक रसायन सोडते. पलीकडचीच्या अंगावर ते घ्यायच्या जागा असतात. त्यात जाऊन बसलं, की निरोप मिळाला.”

“आणि उरलेलं?”

“जिने सोडलं तीच परत ओढून घेते. पुन्हा वापरायला.”

बाईंनी चित्र आपल्याकडे फिरवलं. बराच वेळ बघितलं. “म्हणजे तिथेही परत विभाग आहे.”

“आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अशी बरीच रसायनं आहेत. त्यातलं एक सेरोटोनिन. ही गोळी त्याच्या परतीच्या दारात जाऊन बसते. दार अडलं, की ते फटीत जास्त वेळ थांबतं. पलीकडच्या पेशीला घ्यायला अवधी मिळतो.”

“म्हणजे गोळी माझ्या खुर्चीत बसणार आणि मला काम करू देणार नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “साधारण तसंच. पण एक ऐका. दार अडवायला गोळीला दिवसभरही लागत नाही. तुम्हाला फरक वाटायला मात्र तीन-चार आठवडे लागतील. कधी सहा.”

“एवढे का?”

“पाठवणारी पेशी आधी बघते, की फटीत निरोप साचलेत. मग ती हात आखडता घेते, कमी सोडते. हळूहळू तिला त्याची सवय होते आणि ती नेहमीसारखी सोडू लागते. पलीकडेही बदल होत असतात. असं आम्ही समजतो. गोळी काय करते ते नीट माहीत आहे. त्यामुळे माणसाला बरं का वाटतं, ते अजून अर्धंच माहीत आहे.”

“अर्धंच माहीत आहे असं सांगणारं माणूस आमच्या कचेरीत नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यावर त्यांनी गोळी सुरू केली.

पहिला आठवडा मळमळीत गेला. तोंडाला कोरड पडायची. चौथ्या आठवड्यात झोप पाचपर्यंत टिकू लागली. पाचव्यात एका सकाळी समोरच्या गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ इतक्या जोरात शिंकले, की त्यांची टोपी खाली रस्त्यावर पडली आणि बाईंना हसू फुटलं. वेळेवर फुटलं. टोपी जमिनीला लागायच्या आत. त्या कितीतरी वेळ तशाच तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

पुढचे आठ महिने चांगले गेले. एकटे, पण चांगले.

मग बाईंनी एक चूक केली. ती त्यांच्या खात्यातलंच माणूस करू शकतं. परत विभागात वर्षअखेरीला थकलेलं टपाल उपसण्यासाठी वरून एक जादा माणूस मिळायचा. ढीग संपला की त्याला त्याच्या मूळ जागी पाठवायचं, हा तेवीस वर्षांचा रिवाज. गोळीकडे बाई त्याच नजरेने बघत होत्या. एके दिवशी टेबल रिकामं झाल्यासारखं त्यांना डोकं रिकामं, हलकं वाटलं. ढीग उपसला गेला होता. जादा माणसाला कशाला अडकवून ठेवायचं? गोळ्यांची पट्टी त्यांनी बटणांच्या डब्यात टाकली. डॉक्टरीणबाईंना विचारावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून नजर झटकन फिरवली की डोक्यात बारीक झटका बसायचा, सैल वायर हलल्यासारखा. जिना उतरताना भोवळ यायची. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. पंधरवड्यात ते थांबलं, तेव्हा बाईंना वाटलं, बघा, जमलं. पुढे दोन महिने कसे गेले ते त्यांना पुढे कधीच नीट आठवलं नाही. ज्याने कळायचं तेच मंद होत चाललं होतं, तर कळणार कुणाला? दूध पुन्हा उतू जाऊ लागलं. त्यांनी दूध घेणं बंद केलं.

रविवारचा फोन चालू होता. भाऊ बोलायचा, भाची बोलायची, बाई “बरं” म्हणायच्या.

त्या मंगळवारी टेबलावर तीनशेच्या वर पाकिटं होती. मधे कुठेतरी एक निळसर पाकीट आलं. त्यावर पट्टीने रेघा आखून, रेघांवर गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘आत्यास, परत टपाल विभाग, मोठी टपाल कचेरी’, आणि खाली शहराचं नाव. वर्गवारी करणाऱ्याने बघितलं असणार, की यावर माणसाचं नावच नाही. त्याने ते अपुऱ्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात फेकलं. अशा रीतीने चुकत चुकत ते पत्र अचूक त्याच टेबलावर येऊन पडलं होतं, ज्या टेबलासाठी ते लिहिलं होतं.

बाईंनी ते उचललं. पत्ता वाचला. शिक्का मारला. पाकीट उलटं केलं. मागे भावाचा पत्ता होता. घर क्रमांक, गल्ली, गाव, सगळं. त्याभोवती त्यांनी लाल पेन्सिलीने गोल काढला. गोल नीट मिटला. कोपऱ्यात आद्याक्षरं घातली आणि पाकीट डिंक्याकडे सरकवलं. डिंक्या कुणाच्या तरी सासऱ्याची गोष्ट सांगत होता. त्याने बोलता बोलता चिठ्ठी चिकटवली. मग बाईंनी पुढचं पाकीट घेतलं.

शनिवारी दुपारी दार वाजलं. भाऊ उभा होता, हातात छोटी पेटी.

“अरे, तू? न कळवता?”

“पत्र पाठवलं होतं,” भाऊ म्हणाला. आत येऊन त्याने खिशातून निळसर पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. “तू परत पाठवलंस.”

बाईंनी पाकीट बघितलं. सुलटं, मग उलटं. जांभळा शिक्का सरळ होता, एक अक्षरही फरकटलेलं नव्हतं.

“शिक्का छान उमटलाय,” त्या म्हणाल्या.

भाऊ खुर्चीत बसला. लहानपणी परीक्षेत नापास झाला तेव्हा बसला होता तसा, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. “ताई, अगं ती दोन दिवस जेवली नाही. तिला वाटलं, आत्या रागावली. मी म्हटलं, आत्याने बघितलं नसेल. तर म्हणते, बाबा, आत्याची अक्षरं आहेत कोपऱ्यात.”

बाईंनी पाकीट पुन्हा सुलटं केलं. आपल्याला आत्ता काहीतरी भयंकर वाटायला हवं, हे त्यांना समजत होतं.

“गोळ्या घेतेस ना?”

“संपल्या.”

“संपल्या, की संपवल्यास?”

बाईंनी उठून बटणांचा डबा आणला. भावाने त्यातून पट्टी काढली. तिच्या मागच्या चंदेरी कागदाला एक काळं बटण अडकलं होतं. ते त्याने सोडवून डब्यात टाकलं.

“माझ्याकडे चल,” तो म्हणाला. “उद्या सामान बांधू. ही जागा सोडून दे, नोकरीही सोड. पुरे झालं. हिलाही विचारलंय मी. तिची हरकत नाही.”

‘हरकत नाही’ हा शेरा बाईंनी आयुष्यभर कागदांवर बघितला होता. ज्या कामात कुणालाच उत्साह नसे, त्या कामावर तो असायचा.

“तिथे मी काय करू?”

“आराम.”

“आराम करतेच आहे रे इथे. म्हणून तर हे झालं.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीला उभी केलेली खाट, खिडकी, खिडकीशी टेबल. या दोन खोल्या आणि कचेरीतलं ते शेवटचं टेबल, एवढंच त्यांचं होतं. ते गेलं तर त्यांच्यावर कुठलाच पत्ता उरणार नव्हता. एवढं मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं. “सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे चल माझ्याबरोबर. मग बोलू.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बाईंनी जादा माणसाचं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, त्या फटीत गोणी नाही हो. काही साठून राहत नाही. गोळी दारातून उठली, की जे असेल ते मागे ओढलं जातं. आणि ती एकदम उठवलीत म्हणून ते झटके. कधी थांबवायचीच झाली तर माझ्यासमोर, थोडी थोडी करून.”

“मग आता पुन्हा पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. सहा आठवडे धरा.”

बसच्या थांब्यावर बाई भावाला म्हणाल्या, “मला तेवढे सहा आठवडे दे. नाही जमलं तर ने.”

“आणि मला कळणार कसं? फोनवर तू बरं म्हणशील.”

“रोज एक कार्ड टाकते.”

“त्यावरही बरं लिहिशील.”

“लिहिलं तर ये. आणि कार्ड आलंच नाही, तरी ये.”

भावाने पेटी उचलली. “ते पत्र वाच तरी, ताई.”

“आत्ता नको,” बाई म्हणाल्या. “आत्ता वाचलं तर परत जाईल.”

पाकीट त्यांनी घड्याळामागे ठेवलं.

पहिल्या कार्डाला सव्वा तास लागला. खिडकीतून बघायचं आणि दिसेल ते लिहायचं, एवढं सोपं त्यांनी ठरवलं होतं. दिसत सगळं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘समोर गॅलरी आहे.’ दुसऱ्या दिवशी, ‘गॅलरीत दोरी आहे.’ तिसऱ्या दिवशी, ‘दोरीवर काही नाही.’ ही तिन्ही कार्डं भावाला एकाच टपालात मिळाली. ती हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता, असं त्याच्या बायकोने पुढे सांगितलं. पण ‘बरं’ कुठे नव्हतं. तो आला नाही.

कचेरीत डिंक्याला कुठूनतरी कळलं. दोन दिवस तो गप्प होता, आणि डिंक्या गप्प म्हणजे पंखा बंद पडल्यासारखं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बाई, चिठ्ठी मी चिकटवली. मीही नाही बघितलं.”

“तू बोलत होतास.”

“काय बोलत होतो?”

“ठाऊक नाही. माझ्यापर्यंत आलंच नाही.”

डिंक्याने आपला चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. तो अर्धा प्यालेला आहे, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. बाईंनी तो तसाच पिऊन टाकला.

तिसऱ्या आठवड्यात, ‘दोरीवर चादर आहे. निळी.’ चौथ्या आठवड्यात झोप पाचपर्यंत गेली. त्या पहाटेच्या उजेडात बाई पडल्या पडल्या एका गोष्टीचा विचार करत होत्या. गोळी दार अडवते, आलेलं थोडं थांबवून धरते, इतकंच तिचं काम. पण आधी काही यायला हवं ना? दिवसभर आपल्या हाताखालून तीनशे पत्रं जातात, त्यात आपलं एकही नसतं. आई गेल्यापासून आपल्याला आलेलं पत्र म्हणजे ते घड्याळामागचं. डॉक्टरीणबाईंकडे यावर औषध नव्हतं, आणि असेल अशी बाईंची समजूतही नव्हती.

एकेचाळिसाव्या दिवशी, रविवारी, चिमटा निसटला आणि चादर पडली नाही. बाईंनी ते लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की चादर पडेल की काय या काळजीने आपण दहा मिनिटं श्वास धरून बसलो होतो. त्या उठल्या. घड्याळामागचं पाकीट काढलं. कडेने, शिक्क्याला धक्का न लावता, उघडलं.

‘प्रिय आत्या, शाळेत सांगितलं, की ज्या माणसाचं काम आपल्याला माहीत आहे त्याला पत्र लिहा. सगळ्यांनी डॉक्टरांना लिहिलं. मी तुला लिहिते, कारण तू पत्रं परत पाठवतेस म्हणून तुला भीतीने कुणी लिहीत नसेल. रविवारी तू फोनवर एकोणीस वेळा बरं म्हणालीस. मी वहीत रेघा मारल्या. बाबा म्हणतात तू दमलीस. माझा पुढचा दात पडला. तो पाकिटात घालणार होते, पण आई नको म्हणाली. उत्तर पाठव. फक्त बरं लिहू नकोस.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. दातापाशी त्यांना हसू आलं. मग रडूही येणार असं वाटलं, आणि त्या वाट बघत बसल्या. रडू दारापर्यंत आलं, जरा उभं राहिलं आणि आत न येता गेलं. गोळीने काहींचं असंही होतं, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. बाईंनी पदराने कोरडे डोळे पुसले, सवयीने.

त्या दिवशी दहाला फोन वाजला तेव्हा भाची म्हणाली, “आत्या?”

“दात आला का नवा?” बाईंनी विचारलं.

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ओरडणं ऐकू आलं, “बाबा, पोचलं. आत्याला पोचलं.”

सहा आठवडे भरल्यावर भाऊ आला, तो पेटी न घेताच. बाईंनी चहा ठेवला, दूध घातलेला. “तुझ्या बायकोची हरकत नव्हती, हे लक्षात आहे हो माझ्या,” त्या म्हणाल्या. भाऊ कपात बघून हसला. नेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

कार्डं सहा आठवड्यांपुरतीच ठरली होती. पण हा नेम बंद केल्याचा हुकूम कुणी काढला नाही, आणि हुकमाशिवाय काम थांबवणं बाईंना माहीत नव्हतं. भाची सुरुवातीला दर कार्डाला उत्तर द्यायची. मग महिन्याने, मग परीक्षा संपल्यावर. मग तिचं दुसरी पत्रं लिहायचं वय आलं. बाईंनी तक्रार केली नाही. गोळी एकदा डॉक्टरीणबाईंच्या समोर, थोडी थोडी करून कमी केली, पण दूध उतू जाताच दोघींनी मिळून पुन्हा पूर्ववत केली. डिंक्या निवृत्त झाला आणि मुलाकडे निघून गेला. परत विभागाची चारची दोन टेबलं झाली. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी साहेबांनी त्यांना त्यांचा जांभळा शिक्का भेट दिला. त्यांनी तो बटणांच्या डब्यात ठेवला.

नंतरच्या वर्षांत आठवड्यातले कितीतरी दिवस असे जायचे, की पोस्टाच्या खिडकीवर जे दोन शब्द होतील तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. म्हणून त्या गर्दी ओसरल्यावर जायच्या.

अकराव्या वर्षी एका आठवड्यात, मंगळवारनंतर भावाला कार्ड आलं नाही. तो एक दिवस थांबला आणि ठरल्याप्रमाणे निघाला. शेजाऱ्यांना घेऊन दार उघडलं. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. गोळी पट्टीतून काढलेली होती, पेल्यात पाणी होतं, कार्ड कोरं होतं. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मंगळवारचं कार्ड त्याच्या खिशात होतं. ‘चादर आता फिकी झाली आहे. तरी लांबून निळीच दिसते.’ पोस्टात जाऊन त्याने खिडकीवरच्या बाईला ते दाखवलं, आणि ताई काही बोलली होती का, ते विचारलं. ती म्हणाली, विशेष काही नाही. नेहमीचंच. शिक्का उचलला, तेव्हा त्या खिडकीच्या गजाला धरून म्हणाल्या, “जरा दाबून मार गं. तारीख वाचता आली पाहिजे.”